सुरुवात ठरावाच्या कागदापासून

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात मुक्त पत्रकार आहे. जवळच्या एका गावाच्या वनजमिनीवर खाण प्रस्तावित असून ग्रामसभेच्या संमतीचा ठराव प्रस्तावाला जोडलेला आहे. गावकरी मात्र अशी सभा झालीच नाही, असे सांगतात. पाठीशी वृत्तपत्र नसताना याचा शोध कसा घ्यावा, आणि माहिती देणाऱ्यांना कसे जपावे?

उत्तर : ‘सभा झालीच नाही’ हे शंभर जणांनी सांगितले, तरी संपादक आणि पुढे कदाचित न्यायालय आपल्याकडे कागदच मागेल, म्हणून आधी ठराव मिळवा. वनहक्क कायद्याच्या नियमांत 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. त्यामुळे ठरावाची एकटी प्रत पुरेशी नाही. सभेची नोटीस, इतिवृत्त आणि उपस्थितीच्या सह्यांची पाने, असे सगळे मागा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, शुल्क 10 रुपये असते. नुसत्या प्रती न मागता मूळ अभिलेखाची पाहणीही मागा. हा हक्क कायद्यातच आहे, पण फार थोडे अर्जदार तो वापरतात.

पाहणीचा आग्रह मी अनुभवावरून धरतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात मला मिळालेली छायाप्रत निर्दोष दिसत होती. मूळ वही समोर आली तेव्हा सह्यांची दोन पाने इतर पानांपेक्षा नवी आणि पांढरी निघाली, सगळे अंगठे एकाच शाईचे होते, आणि अकराव्या ओळीत अंगठा उठवलेली आजी सभेच्या तारखेआधीच वारल्याची नोंद ग्रामपंचायतीच्याच मृत्यू नोंदवहीत होती. त्या एका ओळीने बातमी उभी राहिली. आपणही सह्यांची नावे मतदारयादीशी आणि मृत्यूच्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहा. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

अर्ज स्वतःच्याच नावाने करा, गावातल्या कोणाच्याही नावाने नको. अर्ज दाखल होताच तो कोणी केला हे तालुक्यात कळते, आणि आपण जिल्ह्याच्या ठिकाणी परतलो तरी त्या माणसाला त्याच गावात राहायचे असते. माहिती देणाऱ्यांची नावे आणि त्यांचे म्हणणे एकाच वहीत लिहू नका. स्रोत उघड न करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडील कायदा पत्रकाराला देत नाही, त्यामुळे ‘तुमचे नाव कधीच बाहेर येणार नाही’ असे वचन देण्याआधी ते पाळण्यासाठी काय सोसावे लागेल याचा विचार करा. ज्यांचे नाव छापणार आहात, त्यांना त्यांच्या तोंडी घातलेला मजकूर आधी वाचून दाखवा. हे शिष्टाचारापुरते नाही, कारण बातमीची किंमत तेच मोजतात.

प्रश्न : कंपनीची बाजू कधी विचारावी? आधी विचारले तर दबाव येतो.

उत्तर : कागद हाती आल्यावर आणि छपाईच्या आधी, लेखी प्रश्न पाठवून आणि उत्तरासाठी वाजवी मुदत देऊन विचारावी. बदनामीचा खटला झाल्यास सत्य आणि लोकहित या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, तेव्हा हा पत्रव्यवहार उपयोगी पडतो.

दबावाची आपली भीती मात्र अनाठायी नाही. राजापूर तालुक्यात रिफायनरीच्या प्रश्नावर लिहिणारे शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 रोजी, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, गाडीने चिरडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला आणि पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. म्हणून प्रश्न पाठवण्यापूर्वी बातमी घेणारा संपादक लेखी ठरवून घ्या, सर्व कागदांची एक प्रत त्याच्याकडे ठेवा, आणि छापून येईल त्या दिवशी त्या तालुक्यात एकट्याने फिरू नका.