सोलापूरहून थेट पॅरा एसएफला (लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसला) जाता येतं का, की आधी साधी इन्फंट्री घ्यावी?

भावा, बारावी झालीये आणि डोक्यात मरून बेरे (पॅरावाल्यांची मरून रंगाची टोपी) आहे म्हणतोस तर आधी हे क्लिअर कर, अर्ज अग्निवीर जीडीचाच (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा सैनिक) भरायचा, स्पेशल फोर्सेसचा वेगळा फॉर्म असला काही प्रकार नाही. २०२३ पासून ऑनलाइन परीक्षा आधी आणि रॅली नंतर, त्यामुळं नुसतं पळून भागत नाही, गणित-जीके कच्चं असलं की मैदानापर्यंत पोचतच नाहीस.

काही पोरं भरतीतूनच पॅराशूट रेजिमेंटला जातात, पण ते आपल्या हातात नसतं, आणि गेलं तरी प्रोबेशन (एसएफमध्ये घेण्याआधीची कडक पारख) कुणाला चुकत नाही. दुसरा रस्ता म्हणजे आधी मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावचं सेंटर, मग युनिटमधून व्हॉलंटिअर. मला विचारशील तर हाच बरा, कारण प्रोबेशनमधून परत पाठवलं (बहुतेकांना पाठवतातच) तरी तू चांगल्या पलटणीचा जवान राहतोस. आणि २१ पॅरा एसएफ ही मुळात २१ मराठाच होती, १९९६ ला बदलली, म्हणजे आपल्याकडच्या पोरांना ही वाट नवीन नाही.

फक्त अग्निवीर चारच वर्षांचा, पुढं २५ टक्केच ठेवतात, हे घरी आधीच सांगून ठेव.

तयारीचं म्हणशील तर १६०० मीटर साडेपाच मिनिटात आणि १० पुलअप्स, तेही पळून आल्यावर दम लागलेला असताना मार. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटे पाचलाच बाहेर पड, दुपारी हिरोगिरी नको.