सॅन फ्रान्सिस्कोचं ग्रेस कॅथेड्रल खरंच दगडी आणि मध्ययुगीन आहे का?

नाही, ही विसाव्या शतकातली इमारत आहे आणि तिचा मुख्य सांगाडा दगडाचा नसून पोलादी सळयांच्या काँक्रीटचा आहे. मूळ ग्रेस चर्च 1849 सालचं, म्हणजे कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर उडालेल्या धावपळीच्या काळातलं. 1906च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्याची तिसरी इमारत गेली. त्याच आगीत शहरातल्या नॉब हिल टेकडीवरचे क्रॉकर या धनाढ्य कुटुंबाचे वाडेही जळाले, आणि ती जागा कुटुंबाने एपिस्कोपल चर्चला (अमेरिकेतला अँग्लिकन पंथ) दिली. वास्तुविशारद लुईस हॉबर्टच्या आराखड्यानुसार मुख्य काम 1928मध्ये सुरू झालं. मंदीत ते रखडलं आणि पूर्ण व्हायला 1964 उजाडलं.

काँक्रीटच का? दगडी गॉथिक कमान, म्हणजे मध्ययुगीन युरोपच्या शैलीतली टोकदार कमान, दाबावर उभी असते. भूकंपात भिंतींना आडवे हिसके बसतात, ताण येतो, आणि दगडांमधले सांधे तिथेच उघडतात. काँक्रीटमधल्या सळया तो ताण घेतात. फ्रेंच गॉथिक आहे ते रूप. हाडं मात्र आधुनिक.

पूर्वेकडचे सोनेरी दरवाजेही फसवतात: फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी पंधराव्या शतकातल्या शिल्पकार गिबर्तीने घडवलेल्या दहा चौकटींच्या दारांच्या त्या कांस्य प्रतिकृती आहेत. पण ‘सगळंच नकली’ म्हणून आत जायचं टाळू नका. वरच्या खिडक्यांत चक्क आइनस्टाइन आहे, आणि एड्सग्रस्तांच्या स्मृतीसाठीच्या प्रार्थनाकक्षात अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंगचं कांस्य वेदीचित्र आहे, 1990मध्ये मृत्यूच्या जरा आधी केलेलं. माझ्या मते दरवाज्यांपेक्षा तेच आधी पाहावं.