इजिप्तला आईवडिलांना घेऊन १२ दिवस: पिरॅमिड, वाळवंट आणि समुद्र, तिन्ही जमेल का?

तुम्ही विचारलंय की साठी ओलांडलेल्या आईवडिलांसोबत १२ दिवसांत कैरो, अलेक्झांड्रिया, सिवा, अबू सिंबेल आणि शर्म अल शेख बसेल का, आणि शाकाहारी माणसांचे हाल होतील का. जेवणाचे हाल होणार नाहीत. पण ही यादी १२ दिवसांत बसवलीत तर आईवडिलांच्या आठवणीत फक्त गाडीची खिडकी राहील.

मी माझ्या वडिलांना, आण्णांना, घेऊन गेलो होतो. ते ६८ वर्षांचे, आयुष्य लातूरकडच्या कोरडवाहू शेतीत गेलेलं. निघताना माझ्याही मनात पुरातन वास्तू, वाळवंट आणि समुद्र असे तीन वेगळे कप्पे होते. तिथं गेल्यावर ते राहिले नाहीत. पिरॅमिडचा चुनखडीचा दगड जवळून बघा. त्यात नाण्यांसारख्या गोल चकत्या दिसतात. ते न्यूम्युलाइट नावाच्या समुद्री जिवांचे जीवाश्म आहेत. २००० वर्षांपूर्वी स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलंय की मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर दगड झाली, असं लोक सांगतात. खरं म्हणजे तो दगडच समुद्राच्या तळाशी तयार झाला. समुद्र हटला, वाळवंट उरलं आणि त्यातल्या दगडातून गिझाचा खुफू राजाचा पिरॅमिड उभा राहिला.

म्हणून माझा सल्ला असा: सिवा आणि अलेक्झांड्रिया या खेपेला सोडा. कैरोपासून सिवा सातशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि ओॲसिस धावतपळत बघण्यात काही राम नाही. कैरोला चार रात्री, त्यातला एक दिवस वादी अल हितानसाठी (त्याबद्दल खाली लिहिलंय), मग लक्सरला चार रात्री आणि शेवटी तांबड्या समुद्रावर तीन. अबू सिंबेल सोडताना मलाही वाईट वाटलं. अस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते देऊळ कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेऊन पुन्हा उभारलं, ही गोष्ट थक्क करणारी आहे. पण अस्वानहून जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच. तुम्ही एकटे असता तर जा म्हटलं असतं.

कैरोत गिझा पहिल्या दिवशी करू नका. आधी सक्कारा आणि दहशूर बघा. सक्काऱ्यात जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, साधारण ४६५० वर्षांपूर्वीचा. तिथून दहशूरला गेलात की स्नेफेरूचा वाकडा पिरॅमिड दिसतो. सुरुवातीचा उतार सुमारे ५४ अंशांचा, आणि मधेच तो ४३ अंशांवर आणलेला. त्याच राजानं शेजारी लाल पिरॅमिड बांधला, तो सरळ उतरला. खुफू हा त्याचा मुलगा. हा क्रम डोळ्यांत ठेवून गिझाला गेलं की तो पिरॅमिड आभाळातून पडल्यासारखा वाटत नाही. माणसं शिकत शिकत तिथवर आली, हे दिसतं. आतले बोगदे उताराचे, बुटके आणि कोंदट असतात. गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच बघा.

वादी अल हितान म्हणजे देवमाशांची दरी. कैरोहून फयूममार्गे गाडीनं साधारण तीन तास. उघड्या वाळूत सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे सांगाडे पडलेत. मणक्यामागून मणका, पंधरा मीटरच्याही पुढे लांबी. त्यांना छोटे मागचे पाय होते. देवमाशांचे पूर्वज जमिनीवरचे प्राणी होते, त्याची ती खूण. आण्णा एका सांगाड्यापाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "एवढं पाणी गेलं कुठं?" माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. तिथं वाळूतून बरंच चालावं लागतं, म्हणून सकाळी लवकर पोचा.

लक्सरबद्दल मात्र मी थोडं जास्त लिहिणार आहे. कर्नाकच्या देवळातला १३४ खांबांचा मंडप आणि राजांच्या दरीतल्या कबरी तुम्ही बघालच, त्या बघायलाच हव्यात. पण देर अल मदीना चुकवू नका. राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. घरांची जोती अजून दिसतात, दोन घरांमधली बोळ दिसते. या माणसांना पगार धान्यात मिळायचा. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्य थकलं तेव्हा त्यांनी काम टाकलं आणि देवळापाशी जाऊन बसले. इतिहासात लिखित नोंद असलेला हा सगळ्यात जुना संप मानतात.

गावाशेजारीच त्यातल्या एका कारागिराची, सेन्नेजेमची, कबर आहे. खोली आपल्या माजघरापेक्षा लहान, पायऱ्या उभ्या आहेत, पण आण्णा हळूहळू उतरले. भिंतीवर मृत्यूनंतरचं जग रंगवलंय आणि त्या जगात सेन्नेजेम शेती करतोय. दोन जनावरांचा नांगर त्याच्या हातात, मागून बायको बी टाकत चाललीय. सोनेरी पार्श्वभूमीवर रंग अजून ताजे वाटतात. आण्णा भिंतीजवळ गेले आणि म्हणाले, "फोकून पेरतायत. तिफण नाही ह्यांच्याकडं." थोड्या वेळानं म्हणाले, "मेल्यावरबी बायको संगट पेरणीला हाय." माझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वर आल्यावर आम्ही भिंतीच्या सावलीत बराच वेळ बसलो. सहलीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास कुणी लिहून देत नाही, म्हणून मी चार रात्री म्हणतोय.

समुद्रासाठी मी शर्मऐवजी कुसैर सुचवेन. लक्सरहून पूर्वेचं वाळवंट ओलांडून गाडीनं चारेक तास. लहान, शांत गाव आहे. प्रवाळ किनाऱ्याच्या इतकं जवळ आहे की पोहता न येणाऱ्या माणसालाही धक्क्यावर उभं राहून रंगीत मासे दिसतात. आणि या किनाऱ्याशी आपलं जुनं नातं आहे. गावापासून जवळच रोमन काळातलं मायोस होर्मोस बंदर होतं. दक्षिणेला बेरेनिके हे दुसरं बंदर. बेरेनिकेच्या देवळात भारतातून आलेल्या काळ्या मिरीचा साडेसात किलोचा साठा रांजणात सापडलाय. जहाजं इथून जुलैच्या सुमारास निघायची, पावसाळी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला लागायची आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यांवर परत यायची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण यांची नावं आहेत. संध्याकाळी धक्क्यावर मी आण्णांना हे सांगितलं, तर त्यांनी मान वळवून विचारलं, "मंग आपलं गाव कुठल्या अंगाला?" मी फोनवर बघून दिशा दाखवली. पाणी काळं होईपर्यंत ते तिकडंच बघत होते.

आता जेवण. 'सियामी' हा शब्द पाठ करा. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले २०० हून अधिक दिवस उपास धरतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काहीच खात नाहीत. त्या जेवणाला सियामी म्हणतात. शब्द उच्चारला की समोरच्याला बहुतेक कळतं, पण काही उपासांत मासे चालतात, म्हणून मासे नकोत हेही सांगा. फूल म्हणजे शिजवलेला बाकला (वालासारखं कडधान्य), तामिया म्हणजे बाकल्याचे वडे, आणि कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. आण्णा चार दिवस कोशरीवर खूश होते. भाकरीची सवय असेल तर तिथली कोंड्याची 'ऐश बलदी' आवडेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. वाळवंटातल्या रात्री बोचऱ्या थंड असतात, आईंसाठी शाल आणि कानटोपी हवीच. बक्षीस हा शब्द तिथंही चालतो आणि दिवसभर ऐकू येतो. सुट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. नको असेल तेव्हा हसून "ला, शुक्रन" म्हणा आणि चालत राहा. मोठ्या ठिकाणांची तिकिटं बहुतेक कार्डावरच मिळतात, म्हणून परदेशात चालणारं कार्ड बँकेतून आधीच सुरू करून घ्या. आणि देर अल मदीनाचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं, तेवढं गाडीवाल्याला सकाळीच सांगून ठेवा.