शिकवणी लावण्याआधी झोप मोजावी

वाचकांचे प्रश्न : मुले आणि शाळा

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा तेरा वर्षांचा असून मराठी माध्यमात आठवीत शिकतो. सातवीपर्यंत बरे गुण मिळत होते, यंदा मात्र गणित आणि कन्नड या दोन्ही विषयांत तो मागे पडला, म्हणून बेळगावात पहाटेची शिकवणी लावली. पाचला उठतो, चहाबरोबर दोन बटर खातो आणि बस गाठतो. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येत असल्याने रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल हातात असतो. पाठ केलेले दुसऱ्या दिवशी आठवत नाही. कन्नडसाठी आणखी एक शिकवणी लावावी का? – एक आई

उत्तर : ताई, दुसरी शिकवणी लावू नका आणि पहिलीची वेळ पहाटेऐवजी संध्याकाळची करून मिळते का, ते विचारून पाहा. आपण कळवलेल्या वेळा पाहता मुलाला जेमतेम साडेपाच तास झोप मिळते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. दिवसा शिकलेले स्मरणात पक्के बसवण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेतच करतो. त्यामुळे पाठांतर विसरण्याचे खापर बुद्धीवर फोडण्याआधी ही तूट भरून काढली पाहिजे.

मुलाची गणिताची वही उघडून बघा. पहिली तीन-चार उदाहरणे बरोबर आणि पुढच्या उदाहरणांत रीत बरोबर असूनही वजाचे चिन्ह गळलेले, हातचा विसरलेला, असे दिसले, तर त्याला गणित येत नाही असे म्हणता येणार नाही. त्याचे लक्ष टिकत नाही. अपुऱ्या झोपेचा पहिला फटका लक्षालाच बसतो. या वयात झोप येण्याची वेळ निसर्गतःच थोडी पुढे सरकते आणि डोळ्यांसमोर उजळ पडदा असला की ती आणखी लांबते. म्हणून उशिरा झोपण्यात सगळा आळसच असतो असे नाही. पण व्हिडिओमागून व्हिडिओ आपोआप सुरू होत राहिला, तर मोठ्यांनाही थांबवत नाही, तिथे आठवीतल्या मुलाचे काय! गृहपाठ सातच्या सुमारास कागदावर उतरवून घ्यायला लावा आणि रात्री नऊनंतर घरातले सगळे मोबाइल, वडिलांचासुद्धा, सोप्यात एका जागी चार्जिंगला लावा. रविवारी उशिरापर्यंत झोपू देण्याचा मोह होतो, पण उठण्याची वेळ तासाभराहून अधिक पुढे गेल्यास सोमवारची पहाट पुन्हा जड जाते.

चहा-बटर ही न्याहारी नव्हे. मैदा आणि साखर यांवर दुपारपर्यंत निभत नाही. आपल्या भागात नाचणी पिकते. आंबील, रात्रीची भाकरी आणि दही, नाहीतर चिरमुऱ्यांत मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे, यांतले काहीही चालेल आणि चुलीपाशी फार वेळही जाणार नाही. कर्नाटकातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेतून दूध मिळते. मुलगा ते पितो की मित्राला देतो, याचीही चौकशी करा.

कन्नडबाबत एक वेगळी शंका येते. मुलाचे डोळे तपासले आहेत का? कन्नडात जोडाक्षरातले दुसरे व्यंजन अक्षराखाली लहान आकारात लिहितात. मागच्या बाकावरून फळ्यावरचे हे ‘ओत्तक्षर’ धूसर दिसले की शब्दच बदलतो, आणि गणितातले घातांकही असेच निसटतात. दोन्ही विषय एकदम घसरले, म्हणून हे आवर्जून लिहिले. नजर ठीक निघाली, तर रोज पंधरा मिनिटे मोठ्याने कन्नड वाचन पुरे. बसच्या पाट्या वाचणे हाही चांगला सराव आहे. महिनाभर झोप नीट मिळूनही फरक पडला नाही, तर वर्गशिक्षकांशी सविस्तर बोला.

प्रश्न : माझी नववीतली मुलगी शाळेतून आली की आडवी होते, पुस्तक उघडले की डुलक्या घेते. झोप पुरेशी आहे. भाकरीबरोबर चहा पिण्याची तिला सवय आहे. – एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयाच्या मुलींत ते १२ ग्रॅमच्या खाली असल्यास रक्तक्षय समजतात, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत तो आढळला. लोह कमी पडले की थकव्याबरोबर एकाग्रताही उणावते, मग घरचे तिला आळशी ठरवून मोकळे होतात. चहातल्या घटकांमुळे भाकरी, डाळ आणि पालेभाजीतले लोह अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा आणि ताटात लिंबाची फोड द्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोट बिघडते म्हणून मुली टाकून देतात. ती जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. रक्तक्षय निघाल्यास मात्र तेवढ्या गोळीवर विसंबू नका, उपचार डॉक्टरांनाच ठरवू द्या.

प्रश्न : मुलाची यंदा एसएसएलसी आहे. त्याचा संध्याकाळचा खेळ बंद करावा, असे घरात सर्वांचे मत आहे. – एक पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : करू नये. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि त्यात दहावीला सूट नाही. खेळून आल्यावर हातपाय धुऊन, थोडे खाऊन तो अभ्यासाला बसेल, एवढेच पाहा. वेळ काढायचाच असेल, तर क्रिकेटचे सामने बघण्यातला काढा.