‘ब्रिटनमध्ये आयर्नमन २००५ लाच सुरू झाली ना?’ : वाचकांची प्रश्नोत्तरे

गोव्यात मिरामारला हाफ आयर्नमन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या ट्रायथलॉनची निम्म्या अंतराची शर्यत) होऊ लागल्यापासून ‘आता फुल, म्हणजे पूर्ण अंतराची करायची, ब्रिटनमध्ये कुठे जाऊ?’ असं विचारणारी पत्रं वाढली आहेत. त्यांच्याबरोबर ब्रिटनमधल्या या खेळाच्या सुरुवातीबद्दल भलभलत्या समजुतीही येतात. त्याच त्याच शंका परत येत असल्याने या वेळी त्यांचाच समाचार घेतो.

प्रश्न : आमच्या ग्रुपचे कोच सांगतात की आयर्नमनची कल्पना ब्रिटिश नौदलातल्या एका पैजेतून निघाली. खरं आहे का? (एक वाचक, सातारा)

नाही. नौदल खरं, पण अमेरिकेचं. जॉन कॉलिन्स हे नौदल अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी हवाईतल्या ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ ला ही शर्यत पहिल्यांदा घेतली. १५ जण निघाले, १२ जणांनी पूर्ण केली, गॉर्डन हॅलर पहिला आला. कोचकडून व्यायाम शिकावा, इतिहास नको.

प्रश्न : ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल हे समजतं. पण धावणं ४२.१९५ किमी, हा विचित्र आकडा कुठून आला? (एक वाचक, चिंचवड)

हा मात्र ब्रिटनचा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसर किल्ल्यापासून व्हाइट सिटी स्टेडियममधल्या शाही आसनापर्यंत धावली गेली आणि ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलं. १९२१ मध्ये तेच अधिकृत ठरलं. हवाईत पुढे होनोलुलू मॅरेथॉनचं अंतर जोडलं गेलं, त्यातून ते ट्रायथलॉनमध्ये आलं.

प्रश्न : ऑफिसच्या क्विझमध्ये ‘ब्रिटनमधली पहिली लाँग डिस्टन्स ट्रायथलॉन कधी झाली?’ असा प्रश्न होता. मी २००५ लिहिलं, मार्क मिळाले. मित्र म्हणतो १९८३. कोण बरोबर? (एक वाचक, बाणेर, पुणे)

दोघेही चुकलात, आणि क्विझ काढणारा तुमच्यापेक्षा जास्त.

२००५ मध्ये डॉर्सेटमधल्या शेरबोर्नला झाली ती ‘आयर्नमन’ हे नाव परवान्याने घेतलेली ब्रिटनमधली पहिली पूर्ण अंतराची शर्यत. ‘आयर्नमन’ हे एका कंपनीच्या मालकीचं नाव आहे. अंतर कुणाच्याच मालकीचं नसतं. जर्मनीतलं रोथ पाहा. तिथे पूर्ण अंतराची शर्यत १९८८ पासून आहे. ती ‘आयर्नमन युरोप’ म्हणून होत असे, परवाना गेल्यावर २००२ पासून ‘चॅलेंज रोथ’ झाली. पोहायला तोच कालवा, सायकलच्या चढावर तीच गर्दी, बदलली ती फक्त पाटी. पाटीवरून इतिहास मोजायचा तर रोथची शर्यत २००२ मध्ये बंद पडली असं लिहावं लागेल. असं लिहिणारे लोक आहेत, म्हणून तर माझा जीव जळतो.

आता तुमच्या मित्राचं १९८३. ब्रिटिश ट्रायथलॉन असोसिएशनची स्थापना डिसेंबर १९८२ मधली, आणि त्यात अॅलेक हंटर यांचा पुढाकार होता. जून १९८३ मध्ये रेडिंगजवळच्या कर्टन्स फार्मला जी शर्यत झाली, तिच्यापासून तिथला ट्रायथलॉनचा हिशोब साधारणपणे सुरू करतात. पण ती लाँग डिस्टन्स नव्हती. या काळात खेळात आलेली माणसं तीन ठिकाणांहून आली होती. काही स्विमिंग क्लबची, काही रविवारी पहाटे टाइम ट्रायल (घड्याळाशी एकेकट्याने लढायची सायकल शर्यत) करणारी, आणि काही मार्च १९८१ च्या पहिल्या लंडन मॅरेथॉननंतर धावण्याचं वेड लागलेली. एअरो बार (पुढे वाकून हात टेकायचे हँडल) अजून यायचे होते. नेहमीची वाकड्या हँडलची स्टीलची रेसिंग सायकल आणि क्लबची जर्सी घालून लोक उभे राहत.

मग लांब अंतराचं काय? ज्यांना ते हवं होतं त्यांना सुरुवातीला इंग्लिश खाडी ओलांडून युरोपात जावं लागलं. फ्रान्समध्ये नीसची शर्यत १९८२ पासून आणि हॉलंडमध्ये अल्मेरची १९८३ पासून होती. नीसला सायकल बराच काळ १८० नव्हे, १२० किमीची असे, आणि तरीही तिला कुणी ‘हाफ’ म्हणत नसे. तिथेच १९९५ मध्ये सायमन लेसिंगने ब्रिटनसाठी लाँग डिस्टन्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं. म्हणजे ‘लाँग डिस्टन्स’ म्हटलं की ३.८–१८०–४२.२ हेच, ही समजूतही नंतरची. आणि ब्रिटनच्या भूमीवर १९९० च्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टनच्या आसपास ‘द लाँगेस्ट डे’ नावाची पूर्ण अंतराची शर्यत होत होती. तिच्यावर टीव्हीचे कॅमेरे नव्हते, दुकानात विकायला टोप्या नव्हत्या. म्हणून ती तुमच्या क्विझमध्ये नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं : २००९ मध्ये आयर्नमन यूके बोल्टनला गेली, २०११ मध्ये वेल्समध्ये टेन्बीची सुरू झाली. त्यांच्या मधे, २०१० मध्ये, नॉटिंगहॅमला ‘आउटलॉ’ सुरू झाली, तेवढ्याच अंतराची, त्या परवान्याशिवाय. ही माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत जवळजवळ कधीच नसते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. जुन्या शर्यतींचे निकाल टाइप करून, झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवले जात. ते कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. कंपन्या आपापल्या शर्यतींची ‘परंपरा’ आपापल्या पहिल्या वर्षापासून छापतात, आणि चकचकीत कागदावर छापलेलं लोकांना खरं वाटतं. तेव्हा क्विझ, स्मरणिका किंवा क्लबच्या भाषणात ‘पहिली’ हा शब्द वापरण्याआधी पुढे काय ते लिहा : असोसिएशनची पहिली, पूर्ण अंतराची पहिली, की परवान्याची पहिली. शंका असेल तर ब्रिटिश ट्रायथलॉनला ईमेल करा. मार्क परत करायची गरज नाही, पण क्विझ काढणाऱ्याला हे वाचायला द्या.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर एक जण ‘१९८३ रेडिंग, ओरिजिनल फिनिशर मेडल’ विकतोय, फक्त एकच शिल्लक म्हणतो. घेऊ का? (एक वाचक, नागपूर)

नको. ‘एकच शिल्लक’ हे वाक्य विकणाऱ्याचं असतं, संग्राहकाचं नाही. मेडल कुणाचं होतं, त्याच्याकडे कसं आलं, निकालाच्या कागदावर त्या माणसाचं नाव आहे का, हे विचारा. उत्तर गोलमोल आलं की विषय संपला. फारच मोह झाला तर फोटो आधी रेडिंगच्या ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागाला दाखवा, पैसे नंतर.

प्रश्न : लाँग डिस्टन्समध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायला बंदी का? टूर द फ्रान्समध्ये तर सगळे घोळक्यात असतात. हा नियम ब्रिटिशांनी आणला का? (एक वाचक, कोल्हापूर)

नियम ब्रिटिशांनी आणलेला नाही. हवाईतही शर्यत एकेकट्याचीच होती. पण ब्रिटनच्या सायकलवाल्यांना तो समजावून सांगावा लागला नाही, याला कारण आहे आणि ते मजेशीर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलीस आणि घोडागाड्यांशी खटके उडू लागल्यावर तिथल्या नॅशनल सायकलिस्ट्स युनियनने रस्त्यावर एकत्र सुटणाऱ्या शर्यतींना बंदी घातली. त्यावर एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये तोडगा काढला : प्रत्येकाला ठरावीक अंतराने एकेकटं सोडायचं आणि घड्याळाशी लढवायचं. ही झाली टाइम ट्रायल. कुणाला शर्यतीचा संशय येऊ नये म्हणून स्वार मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालत. मार्गांना गावांची नावं न देता सांकेतिक अक्षरं-आकडे देत आणि सुरुवातीच्या यादीवर ‘खाजगी व गोपनीय’ छापत. सुरुवात पहाटे, रस्ता रिकामा असताना. १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्ड यांनी लँगोलनहून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ४० जणांची एकत्र शर्यत घेतली, तर युनियनने त्यांनाच निलंबित केलं. (हो, पुन्हा वुल्व्हरहॅम्प्टन. त्या गावाला लांब पल्ल्याची सवय असावी.)

या संस्कृतीतून १०० मैलांच्या आणि १२ तासांच्या टाइम ट्रायलचे तरबेज लोक तयार झाले. १९६७ मध्ये बेरिल बर्टन या बाईंनी १२ तासांत २७७.२५ मैल, म्हणजे जवळपास ४४६ किमी कापले. त्या दिवशी पुरुषांत पहिला ठरलेल्या माइक मॅकनमारापेक्षा जास्त. त्याला ओलांडताना त्यांनी खिशातली लिकरिशची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि त्याने ती घेतली. महिलांचा तो विक्रम ५० वर्षं टिकला. अशा क्लबातल्या माणसाला ११२ मैल एकट्याने, पुढच्याचा आडोसा न घेता चालवायला सांगितलं तर तो म्हणणार, मग दुसरं काय करतात?

१९९५ पासून ऑलिंपिक अंतराच्या (म्हणजे बऱ्याच लहान) व्यावसायिक शर्यतींत आडोसा घ्यायला परवानगी मिळाली, लाँग डिस्टन्समध्ये नाही. तुम्ही जाणार असाल तर पुढच्या सायकलपासून किती मीटर राहायचं ते त्या शर्यतीच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर मागच्या वर्षीची पुस्तिका फिरत असते.

प्रश्न : भाचा पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये शर्यत करणार आहे. जुने लोक साध्या चड्डीवर पोहायचे, म्हणून तोही वेटसूट घेणार नाही म्हणतो. सवय व्हावी म्हणून घरी टबात बर्फ टाकून बसतो. काही धोका? (एक मावशी, औंध)

आहे. त्याला एकट्याने बर्फात बसू देऊ नका. थंड पाण्यात शिरल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो आणि हृदयावर ताण येतो, मग हात जड पडतात. चांगला पोहणारासुद्धा यात अडकतो.

जुने लोक चड्डीवर पोहत, कारण त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. पाणबुड्यांचे सूट खांद्याला इतके कडक की हात वर जाईना. ट्रायथलॉनसाठी बेतलेला वेटसूट अमेरिकेत डॅन एम्पफिल्ड यांनी १९८७ मध्ये बाजारात आणला. इंग्लिश खाडी पोहणारे आजही वेटसूट घालत नाहीत हे खरं, पण त्यांच्या शेजारी पूर्णवेळ होडी असते आणि ते कित्येक महिने त्या पाण्यात उतरलेले असतात. तो खेळ वेगळा. ब्रिटनच्या ट्रायथलॉन नियमांत पाणी १४ अंशांखाली असेल तर वेटसूट सक्तीचा आहे, तेव्हा भाच्याचा बाणेदारपणा तसाही किनाऱ्यावरच अडेल.

सध्या ‘कोल्ड प्लंज पॅकेज’ विकणारे गल्लोगल्ली झाले आहेत, त्यांच्याकडे पाठवू नका. आधी डॉक्टरकडे : रक्तदाब, ईसीजी, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, हे सगळं. मग शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी तिथे पोचून, स्थानिक क्लबबरोबर, सूट घालून पाण्यात. आणि हे तिकीट काढण्याआधी ठरवा.

प्रश्न : सुरुवातीच्या काळात ब्रिटनमध्ये बायका होत्या का, की ख्रिसी वेलिंग्टनपासूनच? (एक वाचक, डोंबिवली)

होत्या. सारा स्प्रिंगमन यांचं नाव लक्षात ठेवा. १९८० च्या दशकापासून त्या ब्रिटनच्या आघाडीच्या ट्रायथलीट होत्या, आणि त्याच वेळी मृदा-अभियांत्रिकीच्या संशोधकही. पुढे झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या रेक्टर झाल्या. ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये यावी म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेत झटलेल्यांपैकी त्या एक, आणि २००० मध्ये सिडनीला ती आली. वेलिंग्टन यांनी २००७, २००८, २००९ आणि २०११ अशी चार वेळा हवाईची आयर्नमन जिंकली, ते थोरच. पण त्यांच्या आधी वीस वर्षांचा रस्ता तयार होता.

प्रश्न : १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पोहणारा कॅप्टन वेब हा पहिला ट्रायथलीट मानावा का?

नाही. तो पोहला, २१ तास ४५ मिनिटं. सायकल चालवली नाही.

प्रश्न : माझे वडील १९८० च्या दशकात इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये हॉस्पिटलात डॉक्टर होते. त्या वेळी एका ट्रायथलॉनमध्ये उतरलो होतो, असं ते सांगतात. नेटवर त्यांचं नाव कुठेच नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त झाले की सवडीने शोधणार आहे. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, ठाणे)

दोन वर्षांनी? तुम्हीच निवृत्तीला आलात, तर वडिलांचं वय काय असेल ते मी सांगायला नको.

आज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. ‘तुम्ही शर्यत केली होती का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं. पोहणं तलावात होतं, खाणीच्या खड्ड्यात की पोहण्याच्या टाकीत? सायकल कुणाची होती, डायनॅमोचा दिवा काढावा लागला होता का? कपडे कुठे बदलले? गाडीतून कुणी नेलं, वॉर्डातल्या कुणाला सुट्टीसाठी ड्युटी बदलायला सांगितली होती? महिना या असल्या प्रश्नांतून निघतो.

गाव आणि महिना हाती आला की त्या परगण्याच्या ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागाला ईमेल करा. तिथे त्या भागातली साप्ताहिकं सांभाळलेली असतात. आडनावावरून शोधू नका. त्या काळच्या टंकलेखकांनी आपली आडनावं इतक्या तऱ्हांनी लिहिली आहेत की तुम्हाला वडील ओळखूही येणार नाहीत. तारीख आणि गावावरून निकालाचं पान मागवा आणि ते वडिलांच्या हातात द्या. स्वतःचं नाव कसं चुकवलंय ते तेच दाखवतील. शर्यत किती अंतराची होती हे त्या पानावर असेल तर मलाही एक प्रत पाठवा.