पावडर कमी, वेळ आणि पाणी पुरेसे : धुण्याविषयी वाचकांचे प्रश्न

धुण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. पत्रे वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली, ती ही की कपडे मनासारखे निघाले नाहीत की बहुतेक घरांत पहिला उपाय म्हणून पावडरचे प्रमाण वाढवले जाते. अनेक तक्रारींचे मूळ तिथेच असल्यामुळे पहिले उत्तर थोडे सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरातील सर्व कपडे मशीनमध्ये धुतले जातात. पांढरे कपडे काही महिन्यांतच करडे दिसू लागतात आणि टॉवेल वाळल्यावर कडक होतात. पावडर दीडपट केली, महागडी आणून पाहिली, तरी फरक पडत नाही. आमचे काय चुकते आहे?

उत्तर : आपल्या टॉवेलचीच आधी परीक्षा घ्यावी. धुऊन वाळलेला एक टॉवेल स्वच्छ कोमट पाण्याच्या बादलीत, कोणतीही पावडर न घालता, चार-पाच मिनिटे चांगला चुबकावा. पाण्यावर फेस आला किंवा पाणी दुधट झाले, तर मागच्या धुण्यातील पावडर कापडातच राहिली आहे, असे समजावे. अशी राहिलेली पावडर निघालेला मळ पुन्हा धरून ठेवते, त्यामुळे कापड करडे आणि कडक होते. शिवाय पावडर जास्त झाली की मशीनच्या ड्रममध्ये फेसाचा जाड थर तयार होतो आणि त्या गादीवर कपडे अलगद पडतात, म्हणजे ज्या आपटण्यामुळे मळ सुटायचा तेच कमी होते.

कपडा स्वच्छ होण्यासाठी चार गोष्टी एकत्र काम करतात : साबणातील रसायन, पाण्याचे तापमान, कपडा भिजण्याचा वेळ आणि घासण्या-आपटण्याचे बळ. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली हे चार घटक एका वर्तुळाच्या रूपात मांडले. एकाचा वाटा कमी केला तर उरलेल्यांचा वाढवावा लागतो, हे त्यामागचे तत्त्व आहे. आपण बहुतेक वेळा घाईच्या पंधरा-वीस मिनिटांच्या प्रोग्रामवर, थंड पाण्यात, गच्च भरलेल्या ड्रममध्ये कपडे धुतो. म्हणजे वेळ, तापमान आणि बळ हे तिन्ही घटक कमी करतो आणि त्यांची भरपाई एकट्या पावडरीकडून मागतो. ती होत नाही. या चारांतला सर्वांत कमी खर्चाचा आणि कमी कष्टाचा घटक वेळ आहे, असे आमचे ठाम मत आहे. मळके कपडे धुण्यापूर्वी पाऊण-एक तास कोमट पाण्यात भिजत घातले, तर पावडर निम्मी पुरते आणि हाताने कॉलर घासण्याचे श्रमही बरेचसे वाचतात.

दुसरी शक्यता पाण्याची आहे. एका झाकणाच्या बाटलीत निम्मे पाणी घ्यावे, त्यात साध्या अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवावे. भरपूर फेस येऊन खालचे पाणी स्वच्छ राहिले तर पाणी मऊ आहे. फेस न येता पाणी गढूळ झाले आणि पांढरट साका दिसू लागला, तर पाणी जड आहे. ही परीक्षा डिटर्जंटने करू नये, कारण डिटर्जंट जड पाण्यातही फेस देते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात आणि तो कापडावर बसतो. डिटर्जंटचाही बराचसा भाग या क्षारांना सांभाळण्यातच खर्ची पडतो. अशा ठिकाणी पावडर वाढवण्यापेक्षा सुती कपड्यांच्या पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा, मग कपडे आणि पावडर टाकावी. हा धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा वेगळा आणि बराच तीव्र असतो, म्हणून तो हाताळताना हातमोजे घालावेत आणि लोकर-रेशमाला तो कधीही लावू नये.

आत्ता करडे झालेले सुती कपडे सुधारण्यासाठी ते एकदा पावडर न घालता, कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात मशीनमधून काढावेत आणि एक खळबळणे जास्त लावावे. त्यानंतर पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाने, तेही खरोखर मोजून घ्यावी. अंदाजाने भरलेला चमचा बहुधा जास्तच भरला जातो.

प्रश्न : रक्ताचा डाग लगेच गरम पाण्याने धुतला, तरी तो कायमचा बसला. कोणत्या डागाला गरम पाणी वापरावे आणि कोणत्या डागाला थंड?

उत्तर : रक्त, दूध, अंडे आणि घाम यांत प्रथिने असतात. उष्णतेने प्रथिने गोठतात आणि धाग्यात घट्ट बसतात, म्हणून असे डाग आधी फक्त थंड पाण्याने काढावेत. डागाच्या उलट बाजूने नळाची धार सोडावी, म्हणजे डाग ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो; सुलट बाजूने चोळले तर तो कापडात आणखी खोल जातो. नंतर विकरे, म्हणजेच एन्झाइम असलेल्या डिटर्जंटमध्ये कपडा भिजत ठेवावा. यातील एक विकर प्रथिने तोडते, दुसरे पिष्ट आणि तिसरे तेल-तूप, पण त्यांना वेळ लागतो आणि साधारण ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती उत्तम काम करतात. उकळते पाणी ओतले की ती निकामी होतात. एन्झाइमची पावडर महाग घ्यायची आणि तिच्यावर कढत पाणी ओतायचे, हे बऱ्याच घरांत घडते.

तेलकट डाग याच्या उलट वागतो. तो कोरड्या कापडावरच, पाणी लावण्यापूर्वी भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाकून बोटाने हलका चोळावा, पंधरा मिनिटे थांबावे आणि मग कापडाला चालेल तितक्या गरम पाण्याने धुवावे. चहा, कॉफी आणि फळांच्या रसाच्या डागांवर ऑक्सिजनयुक्त ब्लीच उपयोगी पडते. हे ब्लीच पावडरच्या डिटर्जंटमध्ये अनेकदा असते, पण पातळ डिटर्जंटमध्ये ते टिकत नसल्याने सहसा घातलेले नसते. म्हणून पांढऱ्या कपड्यांना पावडर आणि गडद रंगांना पातळ डिटर्जंट, अशी विभागणी करणे सोयीचे ठरते. डाग कोणताही असो, तो पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय कपड्यावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने उरलेला डाग पक्का होतो.

प्रश्न : धुतलेला टॉवेल कोरडा असताना चांगला वाटतो, पण ओला झाला की लगेच कुबट वास येतो. सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर घातल्यावरही वास जात नाही.

उत्तर : सॉफ्टनर बंद करावे. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो, त्यामुळे टॉवेल हाताला मऊ लागतो, परंतु पाणी कमी शोषतो. वासाचे खरे कारण धाग्यांत जिवंत राहिलेले जिवाणू आहेत, आणि ओल मिळाली की ते पुन्हा वाढतात. टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन ब्लीच असलेल्या पावडरने धुवावेत आणि घडी न घालता पूर्ण पसरून, वारा लागेल असे वाळवावेत. वास येण्याला किती तास ओल टिकली याचाही मोठा हातभार असतो, म्हणून धुणे झाल्यावर कपडे ड्रममध्ये पडू देऊ नयेत. पुढून दार असलेल्या मशीनची रबरी कड बोटाने उलटून पाहावी. तिच्या पन्हाळीत साचलेले पाणी, केस आणि काळपट बुळबुळीत थर दिसला तर तो पुसून काढावा, आणि वापर नसताना दार व पावडरचा कप्पा थोडा उघडा ठेवावा.

प्रश्न : पांढऱ्या कपड्यांसाठी ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र वापरले तर जास्त परिणाम होतो का?

उत्तर : हा प्रयोग कृपया कधीही करू नये. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेले द्रव्य मिसळले तर क्लोरामाइन हे तितकेच घातक वायू तयार होतात. चुकून असे घडले तर तेथून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत जावे. काखेतील पिवळ्या डागांवरही क्लोरीनचे ब्लीच लावू नये. ते डाग त्याने आणखी पिवळे पडू शकतात.

प्रश्न : सुट्टीचा अर्धा दिवस धुण्यात आणि इस्त्रीत जातो. कष्ट कमी कसे करावेत?

उत्तर : वर्गवारी धुण्याच्या दिवशी न करता कपडे काढतानाच करावी. पांढरे, गडद आणि टॉवेल-चादरी अशा तीन टोपल्या ठेवल्या, तर जी टोपली भरली ती थेट मशीनमध्ये जाते आणि कामाचा ढीग एका दिवसावर येत नाही. खिसे तपासणे, चेन लावणे आणि कपडा उलटा करणे हेही काढतानाच करण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी, कारण हे काम एकाच व्यक्तीवर पडते तेव्हाच ते जड होते. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये कपडे भरल्यावर वर एक वीत जागा मोकळी ठेवावी. इस्त्रीचे निम्मे काम दोरीवरच होते : कपडा बाहेर काढताच दोनदा जोरात झटकावा, कॉलर आणि शिवणी हाताने ओढून सरळ कराव्यात आणि शर्ट हँगरवर वाळवावा. इस्त्री करायचीच असेल, तर सुती कपडे किंचित दमट असतानाच करावी.

प्रश्न : लोकरीचा स्वेटर घरी धुतला आणि तो लहान मुलाच्या मापाचा झाला. तो परत मोठा होईल का?

उत्तर : पूर्णपणे होणार नाही. लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणे यांनी ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होते. यापुढे सुमारे ३० अंशांच्या कोमट पाण्यात स्वेटर न चोळता हलकेच दाबत धुवावा आणि खळबळण्याचे पाणीही तितकेच कोमट घ्यावे. तो पिळू नये. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला की बरेच पाणी निघून जाते, आणि नंतर तो आडवा पसरून वाळवावा, कारण टांगल्यास पाण्याच्या वजनाने तो लांबतो. लोकर आणि रेशीम ही दोन्ही प्रथिनेच असल्यामुळे रक्ताचा डाग काढणारे विकर त्यांच्या धाग्यालाही इजा करते. त्यासाठी लोकर-रेशमासाठीचे वेगळे, विकररहित डिटर्जंट घरात ठेवावे.