स्लॅब नेमकी गळते कुठून?

प्रश्न: दादा, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. झड लागली की मधल्या खोलीत पंख्याजवळ टपटप सुरू होते, वर जाऊन पाह्यलं तर तिथं साधी भेग पण नाही. मिस्त्री म्हणतो पूर्ण स्लॅबवर डांबर मारा. काय करू?

उत्तर: ताई, आधी मेन स्विच बंद करा, तो पंखा लावूच नका. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून पाणी पार दूरपर्यंत जाते, म्हणजे शिरते एकीकडे अन टपकते दुसरीकडे, म्हणून पंख्याच्या बरोबर वर शोधून काही सापडत नाही. एकाच बाजूच्या वाऱ्यात गळत असेल तर त्या बाजूच्या पॅरापिटचा, म्हणजे स्लॅबच्या कडेच्या कठड्याचा, सांधा पाहा. पाऊस नसतानाही टपकत असेल तर टाकीचा पाइप. तरी नाही समजलं तर उघाड पडल्यावर स्लॅबच्या एका भागाला मातीची पाळ घालून इंचभर पाणी दिवसभर साचवा, मग पुढचा भाग, पाणी उतरायच्या पाइपाजवळून सुरुवात करा, अन घाई करू नका कारण झिरपायला वेळ लागते. सरसकट डांबर मला पटत नाही, आपल्या इकडच्या उन्हात ते तडकते. जागा सापडली की भेग खोदून, साफ करून वॉटरप्रूफिंगचा माल भरा.